बांबू कुणीकडं पडत होता

सर, तुम्हाला मी आजवर एकच कागद लिहून दिला होता. तो रजेचा अर्ज होता, आणि त्यातल्या दोन चुकांखाली तुम्ही लाल शाईने रेघा मारल्या होत्या. म्हणून आज लिहायला बसले तरी हात बिचकतोय. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि तुमच्या मातीला मी आले नव्हते, हे आधी सांगून टाकते. नांदेडहून तुमचं गाव निलंगा काही लांब नाही. यायचं असतं तर आले असते. तेव्हा मी तुमच्यावर रागावलेली होते, आणि मेलेल्या माणसावरचा राग पटकन जात नाही. आज लिहायचं कारण असं की परवा किनवटहून आपल्या शाळेचा फोन आला. आताचे मुख्याध्यापक तरुण आहेत, फार अदबीने बोलतात. म्हणाले, मॅडम, पुढच्या महिन्यात शाळेत तुमचा सत्कार ठेवलाय, तुम्ही सरांचं नाव राखलंत, भाषणात सरांची ती लातूरची गोष्ट सांगाच, पोरांना कळू द्या. मी कळवते म्हणाले आणि फोन ठेवला. तेव्हापासून डोक्यात नुसता गोंधळ आहे. काल भाजीला दोनदा मीठ घातलं. ज्या एका माणसाला विचारावं तो माणूस तुम्ही, म्हणून तुम्हालाच विचारते आहे.

आपला बांबू आठवतो का? आठवत असणारच, तुम्हाला पोरांपेक्षा त्याची काळजी जास्त. जंगलातून चार-पाच वेळू आणायचे, त्यातला एकच तुमच्या पसंतीला उतरायचा. मग तो वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या वर आडवा टांगून ठेवायचा, धुरावर, कीड लागू नये म्हणून. पावसाळाभर तो तिथेच असायचा. स्वयंपाकाच्या मावशी रोज कुरकुरायच्या. "मास्तर, तुमच्या बांबूपायी मला वाकून चालावं लागून राहिलं. माझी कंबर गेली." तुम्ही ताटातून डोकं वर न काढता म्हणायचात, "मावशी, बांबू सरळ ऱ्हायला पायजे. तुमचं आपण बगू." सगळ्या पोरी भातात तोंड घालून हसायच्या. दिवाळीनंतर तो उतरायचा. काळपट, टणक, आणि त्याला वरणाच्या फोडणीचा वास. मुठीच्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. पडायला बारदानाची पोती, त्यात सोयाबीनचं भुसकट भरलेलं. उडी मारून खाली आलं की अंगभर खाज सुटायची आणि रात्रीपर्यंत आम्ही पाठी खाजवत बसायचो. बांबूउडी म्हणजे काय हे आमच्या घरी कुणाला सांगूनही कळत नव्हतं. माझा बाप म्हणायचा, बांबू घेऊन पळती आणि उडती, मग परत खालीच येती ना, तर कशाला?

वर्षाला बांबू एकच, म्हणून तुमचा नियमही एकच होता. बांबू भुईला लागता कामा नये. पोरगी वरून सुटली की दुसरीने बाजूने धावत जाऊन तो हवेतच धरायचा. एकदा धरायची पाळी माझी होती आणि मी उडणारीकडे बघत राहिले. बांबू दगडावर आपटला आणि मधोमध चिरला. अजून तो आवाज कानात आहे. तुम्ही हात उगारला नाही. नुसते जवळ आलात, चीर बोटाने चाचपली आणि विचारलं, "हात कुठं होते तुझे?" "आता पंधरा दिस उडायचं न्हाई. नुस्तं धरायचं." आणि खरंच पंधरा दिवस मी तुमच्या पसंतीला न उतरलेल्या दुसऱ्या बांबूने सराव करणाऱ्या पोरींचा बांबू धरत उभी राहिले. सकाळी, संध्याकाळी, उन्हात. शेवटी शेवटी तर झोपेत हात पुढे जायचा, शेजारची पोरगी ओरडायची. तुम्ही मला उडायला शिकवलंत असं सगळे म्हणतात. मला तर तुम्ही धरायला जास्त शिकवलंत.

मग लातूर. विभागीय स्पर्धा. मी दहावीत आहे, अंगात शाळेचा ढगळ निळा टी-शर्ट आहे, आणि एसटीचा कंडक्टर बांबू टपावर घ्यायला तयार नाही. "मास्तर, पोरगी घ्या, बांबू ऱ्हाऊ द्या," तो म्हणतो. तुम्ही म्हणता, "दोघं संगंच जातात. एकटं कुणीच काही कामाचं न्हाई." लोक हसतात, मीही हसते, आणि शेवटी तुम्ही स्वतः टपावर चढून बांबू बांधता. लातूरच्या मैदानावर दोन शाळांच्या पोरींकडे फायबरचे पोल होते. आमचा काळा बांबू बघून त्यांनी एकमेकींना कोपर मारलं. मला राग आला आणि रागात मी बरी उडते, हे तुम्हाला माहीत होतं, म्हणून तुम्ही काही बोलला नाहीत. दुपारपर्यंत दोघीच उरलो. मी आणि लातूरचीच एक उंच पोरगी. ती शेवटच्या उंचीवर तिन्ही वेळा चुकून बाहेर बसली होती. माझ्या दोन उड्या चुकल्या होत्या आणि तिसरी राहिली होती. ती साधली की पहिली मी, नाही तर आधीच्या चुका कमी म्हणून ती. पहिलीला पुढे राज्यस्पर्धा, आणि तिथून पुण्यात सरकारी क्रीडा वसतिगृहात जागा. घरी माझ्यासाठी स्थळ बघणं सुरू झालं होतं, हे तुम्हाला एकट्याला सांगितलं होतं मी.

तिसरी उडी साधली, सर. वरची आडवी दांडी हलली, पण खुंट्यांवरून पडली नाही. मी पोत्यांवर पाठीवर पडलेली आहे, वर दांडी जागच्या जागी दिसते आहे आणि मी ओरडते आहे. मग लातूरच्या लोकांचा गलका कानावर आला. "मास्तरनं धरला! मास्तरनं धरला!" उठून बघते तर बांबू तुमच्या हातात. नियमांची जी पुस्तिका तुम्ही आम्हाला तीनदा उतरवून घ्यायला लावली होती, तिच्यातच लिहिलेलं होतं. बांबू दांडीपासून लांब पडत असेल तरच त्याला हात लावायचा. दांडीकडे झुकत असताना कुणी धरला आणि न धरता तो दांडी पाडणार होता असं पंचांना वाटलं, तर उडी बाद. वर्षभराची सवय, हात गेला. तेवढं मी तेव्हाही समजू शकत होते. पंच म्हातारे होते, कुठल्यातरी शाळेतले मास्तरच. त्यांना नीट दिसलं नव्हतं. ते तुमच्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, पण मी तिथेच होते, मला ऐकू आलं. "मास्तर, बांबू कुणीकडं पडत होता? मागंच पडत होता ना? मागं म्हणा, पोरीचं भलं होईल." तुम्ही हातातल्या बांबूकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंच नाहीत. आणि म्हणालात, "न्हाई. दांडीकडं येत होता." लाल झेंडी वर गेली.

परतीच्या प्रवासात आपण बोललो नाही. नंतरही मी बोलले नाही, वर्ष संपेपर्यंत. तुमच्या बाईंनी घरी बोलावून धपाटे खाऊ घातले, ते खाल्ले आणि तुम्ही दारात दिसताच उठून आले. शाळेत मात्र तुमची वाहवा झाली. संस्थेच्या अध्यक्षांनी प्रार्थनेच्या वेळी शाल आणि श्रीफळ दिलं, म्हणाले, असा शिक्षक शोधून सापडायचा नाही, स्वतःच्या विद्यार्थिनीच्या विरोधात खरं बोलला. मी तिसऱ्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवल्या. हात वाजत होते आणि आतून मी जळत होते. पुढे माझं लग्न काही लगेच झालं नाही, रडून-ओरडून मी ते लांबवलं, शिकले, क्रीडाशिक्षिका झाले, पंचांची परीक्षा दिली. आता नांदेडात विष्णुपुरीकडे राहते, संसार बरा चाललाय. म्हणजे तुमच्या त्या चार शब्दांनी माझं आयुष्य काही बुडालं नाही. तरी मी वीस-बावीस वर्षं ज्याला त्याला सांगत आले की बांबू मागेच पडत होता, मी स्वतः बघितला होता, आमच्या सरांना हरिश्चंद्र व्हायची हौस होती. नवऱ्याला सांगितलं, सहकाऱ्यांना सांगितलं, माझ्या शाळेतल्या पोरींना तर दरवर्षी सांगते. आता गेल्या महिन्यातलं सांगते.

दक्षिणेतल्या एका शहरात आंतरराष्ट्रीय मैदानी स्पर्धा होत्या. मला पंच म्हणून बोलावणं आलं आणि काम मिळालं महिलांच्या पोल व्हॉल्टला, पोल धरायचं. हसू नका. पांढरी टोपी, गळ्यात ओळखपत्र, आणि काम तेच, तुम्ही पंधरा दिवस करून घेतलेलं. तिथली गादी आपल्या नववीच्या वर्गाएवढी मोठी. पोरी काय उडतात, सर! आपल्या शाळेच्या कौलांवरून पलीकडे जातील अशा. मी नुसती बघत राहिले असते, पण काम होतं. पहिल्या तासाभरात माझ्या हातून एकही चूक झाली नाही. पोल मागे झुकला की धरायचा, दांडीकडे झुकला की हात मागे बांधून उभं राहायचं. मी स्वतःशी म्हटलं, बघा सर, असं असतं.

शेवटी पदकं ठरायची वेळ आली. पहिल्या दोन नक्की झाल्या होत्या. आपली भारताची मुलगी तिसऱ्या जागेवर होती, पण पुढच्या उंचीवर तिन्ही वेळा चुकून बाकावर बसली होती, गुडघ्यांवर टॉवेल टाकून. मागे एकच उरली होती, बाहेरच्या एका छोट्या देशाची मुलगी. तिच्यासोबत त्यांचं कुणीच दिसत नव्हतं, आणि दर उडीआधी ती पोलच्या टोकाला कपाळ टेकवायची. तिचीही शेवटची उडी होती. साधली तर ती तिसरी, नाही तर आपली. ती धावली, वर गेली, दांडीला पोटाचा ओझरता स्पर्श झाला, दांडी थरथरली. सगळं मैदान दांडीकडे बघत होतं. मीही दांडीकडे बघत होते. आणि बघता बघता हाताला गार काहीतरी लागलं. पोल माझ्या मुठीत होता. केव्हा पुढे झाले, केव्हा धरला, मला आजही सांगता येणार नाही. दांडी पडली नाही. मुलगी गादीवर गुडघे टेकून हसत होती आणि मुख्य पंच माझ्याकडे चालत येत होते.

त्यांनी इंग्रजीत विचारलं, पोल दांडीकडे येत होता की लांब जात होता? येता येता वाटेत थांबून त्यांनी कॅमेऱ्यातलं चित्र पाहिलं होतं, पण त्यात मधोमध माझी पाठ होती. म्हणजे सांगू शकणारी मी एकटीच. आणि सर, मला दिसलंच नव्हतं. मला दिसलं नाही, एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. मग त्यांनी ठरवलं असतं, जे काय ठरवायचं ते. पण माझ्या छातीवर आपला झेंडा शिवलेला होता, बाकावरची आपली मुलगी उठून उभी राहिली होती, आणि माझ्या मनात आलं की आता काहीही अडखळत बोलले तर म्हणतील, यजमानांच्या बाईने मुद्दाम पोल धरला आणि परक्या पोरीचं पदक घालवलं. मी ताठ उभी राहिले आणि ठामपणे म्हणाले, लांब जात होता. पांढरी झेंडी वर गेली. आपली मुलगी चौथी झाली.

पुढचं ऐका. मुख्य पंचांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, स्वतःच्या देशाच्या खेळाडूच्या विरोधात जाईल असं उत्तर द्यायला धैर्य लागतं. ते खरंच भारावले होते. कुणीतरी ते बातमीदाराला सांगितलं, नांदेडच्या पेपरात माझा फोटो आला, टोपीतला, फार वाईट. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर दोन दिवस हात जोडलेली चित्रं येत होती. हे सगळं मी कदाचित पचवलं असतं. पण त्या संध्याकाळी साहित्य आवरत असताना आपली ती चौथी मुलगी आमच्याजवळ आली. आपल्याकडची पोरगी, वळणच तसं, जाताना एकेका पंचाच्या पाया पडत निघाली होती. माझ्याही पाया पडली. डोळे सुजलेले होते. म्हणाली, "मॅडम, आशीर्वाद द्या." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, सर. तिचे केस घामाने ओले होते. हात काढायचं राहूनच गेलं, आणि तिला वाटलं असणार मी गहिवरले आहे. मला लाज वाटत होती. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटलेली नाही.

आता माझा प्रश्न. लातूरला तुम्हाला दिसलं होतं का? मी तुमच्या जागी उभी राहीपर्यंत मला हे कधी सुचलंच नव्हतं. मी धरून चालले होते की तुम्हाला दिसलं आणि तुम्ही खरं ते सांगितलंत, किंवा मागे पडताना दिसलं आणि मोठेपणासाठी उलटं सांगितलंत. पण तुम्ही माझेच मास्तर होतात. तुम्हीही दांडीकडेच बघत असणार. माझी शेवटची उडी होती ती, तुम्ही बांबूकडे कशाला बघाल? आणि मग पंच विचारायला आले, भोवती लातूरचे लोक ओरडत होते, तेव्हा तुम्हालाही तेच वाटलं का, जे मला वाटलं? आपल्या पोरीच्या बाजूने बोललो तर लबाड ठरू? का तुम्हाला खरंच दिसलं होतं आणि मी माझा चिखल तुमच्या अंगावर उडवते आहे? एक दिवस मला एक खरं वाटतं, दुसऱ्या दिवशी दुसरं. आणि मी जे इतकी वर्षं छातीठोकपणे सांगत आले, की मी बघितला, मागेच पडत होता, तेही खोटं. मी पाठीवर पडले होते. मला दांडी आणि आभाळ याखेरीज काही दिसत नव्हतं.

राहवेना म्हणून काल निलंग्याला बाईंना फोन केला. त्या आता थोरल्याकडे असतात, कानाला कमी ऐकू येतं, बाकी ठणठणीत आहेत. आधी विचारलं, "जेवलीस का?" मग मी लातूरचं काढलं. सर घरी काही बोलले होते का? बाई म्हणाल्या, "ते कुठं काय बोलायचे घरी. पर त्या टायमाला मला लई भ्या वाटलं व्हतं बग. लातूरहून आले, अन् चार-पाच दिस तेच. आंगणात बांबू उबा करायचे, सोडायचे, अन् पडता पडता धरायचे. परत उबा करायचे, परत सोडायचे. म्या म्हनलं, येड लागलं का काय तुमाला? तर म्हनले, गप, बगू दे." मी विचारलं, काय बघत होते? "मला काय म्हाईत माय. मी सैपाक करून राहिले व्हते. मग ती शाल घेऊन आले, अन् त्या दिसापसनं बंद झालं." फोन झाल्यावर नवरा येऊन विचारून गेला, बरं नाही का?

आता हे घेऊन मी काय करू? तुम्ही अंगणात काय बघत होता, सर? जे दिसलं होतं त्याची खात्री करत होता, की जे दिसलंच नव्हतं ते शोधत होता? शाल मिळाल्यावर थांबलात ते समाधान झालं म्हणून, की आता शोधून उपयोग नाही म्हणून? दोन्ही पटतं. तुम्ही समोर असता तर तुमच्या तोंडावरून कळलं असतं, असंही वाटतं, आणि नसतं कळलं असंही. मुख्य पंचांना पत्र लिहून खरं कळवावं असं ठरवलं होतं, मायना लिहून झाला आहे, पुढे काही सरकत नाही. मुख्याध्यापकांना मात्र आज सकाळी फोन करून येते म्हणून सांगितलं. का सांगितलं ते विचारू नका.

बाई फोन ठेवता ठेवता म्हणाल्या होत्या, "तुला सरांस्नी काय इचारायचं आसंल तर कागदावर लिवून धाड. नात वाचून दावंल त्यांच्या फोटोफुडं." म्हणूनच लिहायला घेतलं होतं. पण हे त्या पोरीने मोठ्याने वाचायचं आणि बाईंनी शेजारी बसून ऐकायचं, हे व्हायचं नाही. धाडत नाही. आणि धाडायचंच नाही तर एक सांगून टाकते. मला तुमची चूक शोधायची नाही, माफीही मागायची नाही. तुम्हालाही तेव्हा माझ्यासारखंच काही दिसलं नव्हतं, एवढंच निघावं असं मला फार वाटतं आहे. तुम्हाला दिसलं असेल, तर सर, मी अगदी एकटी पडते.